माझ्या कोरड्या डोळ्यांची कॅसेट

माझी फजिती मीच लिहून ठेवते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिला तिखट-मीठ जास्त पडेल. आणि दुसरी कोण? माझी नणंद सुमन! राहते चितेगावात, पण तिचा आवाज पैठण रोडनं थेट माझ्या ओट्यापर्यंत येतो. तेव्हा तिच्या आधी माझं ऐका.

एक गोष्ट पहिल्यांदा समजून घ्या. मी रडत नाही. दुसरीत शाळा सुटली, रडले नाही. किराण्याच्या पुड्या सोडवून त्या कागदांवर वाचायला शिकले. शिलाई मशीन बंद पडली तेव्हा मेकॅनिकची वाट न बघता पाटावर सगळी खोलली आणि परत जोडली. दोन स्क्रू उरले, पण मशीन आजही चालते! अशी बाई रडेल का? तुम्हीच सांगा.

पण सुमन पंचवीस वर्षं एकच पालुपद लावून बसलेली. "नंदाच्या लग्नात वैनी लई रडल्या." नंदा म्हणजे माझी लेक, दिलीय अजिंठ्याकडं. तिच्या पाठवणीला अख्खा मांडव रडला. आचारी रडला, बँडवाला रडला. मी एकटी खांबासारखी उभी! मला पक्कं आठवत होतं.

मग नंदाच्या लेकीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि सुमन माझ्या नातीला म्हणते, "पोरी, पाठवणीला तुझ्या आज्जीला दोघी-तिघींनी धरून ठेवा. तुझ्या आईच्या वक्ताला लई रडली व्हती."

"कोण रडलं?" मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, हातात झारा.

"तुम्ही, वैनी."

"कुणी बघितलं?"

"म्या बघितलं."

"पुरावा?"

पुरावा म्हटलं आणि मलाच आठवलं. लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती की! तेव्हा भाड्यानं व्हीसीआर आणून सगळ्यांनी बघायला घेतली, पंगतीपर्यंत आलो आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा मशीन न्यायला माणूस दारात उभा. म्हणजे पुढची पाठवणी कुणीच कधी बघितलेली नाही. कॅसेट तेव्हापासून लोखंडी पेटीत, शालूखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

"ठरलं," मी म्हटलं. "कॅसेट लावू. जी खोटी निघंल तिनं लग्नात सगळ्या सोयऱ्यांसमोर माइकवर कबूल करायचं."

"माइकवर?" सुमन जरा दचकली.

"माइकवर!"

बघा, माइक मीच मध्ये आणला. ध्यानात असू द्या.

नंदा म्हणाली, "आई, स्टुडिओत दे, पेनड्राइव्हमध्ये भरून देतात." मी म्हटलं, पुरावा परक्याच्या हातात देऊ? तो काय कापील आणि काय जोडील! लग्नाच्या वेळी शूटिंगवाल्यालासुद्धा मी बजावलं होतं, एवढंसं काही कापायचं नाही, जेवढं घेतलंय तेवढं सगळं कॅसेटमध्ये पाहिजे. तो बिचारा म्हणत होता, मावशी, थोडं सफाईनं करतो. मी म्हटलं, सफाई मी घरात करते, तू भरून दे. हेही ध्यानात असू द्या.

मशीन कोणती घ्यायची हेही मीच ठरवलं. नंदाचं लग्न कॅसेटवर, धाकट्या पोराचं सीडीवर, आणि टीव्हीखाली फळी एकच. म्हणजे एका पोटात दोन्ही चालवणारी मशीन पाहिजे. नवी कुणी बनवत नाही म्हणे. पण औरंगपुऱ्यात एका बोळात रफिकभाईंचं रिपेरिंगचं दुकान आहे, तिथं जुनी मिळते असं कळलं. सुमनला साक्षीदार म्हणून रिक्षात घातलं आणि निघाले.

"अम्मा, अब ये कौन लेता?" रफिकभाई म्हणाले. "सब लोगां मोबाइल में देखते."

"मोबाइलात माझी कॅसेट जाती का?"

"नहीं जाती."

"मग दाखवा की!"

तीन मशिनी काढल्या त्यांनी, धूळ पुसून. मी म्हटलं, आधी झाकण काढा. माणूस बघायचा तर नुसता सदरा बघून चालतं का? हसले, पण काढलं. आणि काय सांगू, मी तर बघतच राहिले! डाव्या अंगाला कॅसेट. आत घातली की दोन चिमुकल्या खुंट्या टेपला बाहेर ओढतात आणि एका तिरप्या चकचकीत डब्याभोवती गुंडाळतात, अगदी बाई नेसताना पदर कमरेभोवती घेते तशी. उजव्या अंगाला सीडी. तिला कोणी हातसुद्धा लावत नाही. खाली हरभऱ्याएवढा काचेचा डोळा, तो नुसता बघतो.

"नुसतं बघून गाणं कसं काय निघतं?" मी विचारलं.

"लाइट पडती ना अम्मा, लाइट वापस आती."

"आणि डोळ्यावर धूळ बसली तर?"

"तो अटकती."

"म्हणजे मोतीबिंदू!"

रफिकभाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "चालीस साल से रिपेरिंग करतूं अम्मा, ऐसा किसीने नहीं बोला."

मला किती बरं वाटलं ते विचारूच नका. मग मी आणखी विचारत सुटले. सुमन स्टुलावर बसून जांभया देत होती. "वैनी, मशीन घ्यायची हाय का शाळा काढायची हाय?"

पहिल्या मशीनचा डोळा अधू निघाला, सीडी अडखळायची. दुसरी कॅसेट खायची. तिसरी दोन्ही बाजूंनी धड. पण माझा एक नेम आहे, दुकानात पूर्ण चालवून बघितल्याशिवाय मी वस्तू घरी नेत नाही. मिक्सर घेतला तेव्हा घरून भिजवलेली डाळ नेली होती आणि वाटून आणली होती! तशी आज कॅसेट आणली होती. तिच्यावर पांढरी बुरशी धरलेली. रफिकभाईंनी ती जीव लावून पुसली आणि मशीन एका छोट्या टीव्हीला जोडली.

"हा नको," मी म्हटलं. "एवढ्याशात डोळं कोरडं हायेत का ओलं ते काय दिसणार? तो मोठा लावा."

"वो रोड की तरफ है अम्मा. आते-जाते लोगां देखते."

"बघू द्या की! साक्षीदार वाढतील."

रिमोट मी हातात घेतला. त्यात एक गोम आहे. नुसतं चालू करायचं बटण दाबलं तर रिकामी सीडीची बाजूच गरगरते. आधी कोपऱ्यातल्या बटणानं कॅसेटची बाजू धरायची, मग चालू करायचं. चित्रात रेघा आल्या तर ट्रॅकिंग फिरवायचं. रफिकभाईंनी एकदा दाखवलं, मी लगेच उचललं. सुमननं हात पुढं केला तर मी म्हटलं, "राहू दे, तुला नाही जमायचं."

आणि सुरू झालं! गुलाबाच्या फुलातून नवरा, दुसऱ्या फुलातून नंदा. अक्षता, पंगत, आणि मग पाठवणी. नंदा रडतेय, सुमन तर अशी रडतेय की नथ हनुवटीला आलेली. आणि मधोमध मी. हिरवा शालू, ताठ मान, आणि डोळे... ठणठणीत कोरडे!

"थांबवा!" मी ओरडले, मग आठवलं की रिमोट माझ्याच हातात आहे. मीच थांबवलं. "बघ सुमन! पापणी तरी ओली हाय का? आं?"

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, शेजारचा बांगडीवाला आला होता, रस्त्यावर दोन स्कूटरी थांबल्या होत्या. सगळ्यांनी माझे डोळे निरखले. बांगडीवाला म्हणाला, "एकदम सुक्के है."

सुमन उठली. "व्हय वैनी, हितं नाय रडल्या तुम्ही. जिंकल्या. चला आता घरी."

"हो गया ना अम्मा?" रफिकभाईंनी खोकं उचललं. "पैक करूं?"

तिथं मी गप बसले असते तर हा किस्सा लिहायची वेळ आली नसती. पण नाही! "कायकू?" मी म्हटलं. "टेप संपली का? अर्धी मशीन मी घेत नाही. शेवटपर्यंत चालवणार!"

बटण दाबलं.

चित्र एकदम आडवं झालं. शूटिंगवाल्यानं कॅमेरा चालूच ठेवून खुर्चीवर लोळवला होता आणि तो जेवायला गेला होता. मांडव आडवा, खांब आडवे, एक कुत्रं भिंतीवरून सरळ वर चढत गेलं. दुकानातल्या सगळ्यांनी माना डाव्या खांद्यावर टाकल्या. मीसुद्धा.

मग हिरव्या शालूतली एक बाई आली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पाण्याच्या टाकीमागं बसली. पदराखालून एक जुनी चप्पल काढली. अंगठा तुटून दोऱ्यानं शिवलेला. नंदा नवी चप्पल घालून गेली होती, ही घरीच राहिली होती. तो अंगठा मीच शिवला होता. ती चप्पल छातीशी धरून त्या बाईनं जो गळा काढला... मला क्षणभर वाटलं, कोण गं ही?

मग सुमन आली, हातात तांब्या. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडा वैनी. हितं कुणी बघत नाय."

"सुमन, कुणाला सांगू नको."

"नाय सांगत."

"शपथ घे."

"शपथ."

आणि मी काय करावं? गुपचूप बसावं की नाही? मी गर्रकन सुमनकडं वळले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "शपथ घेतली होतीस ना गं तू? मग सांगितलंस कामून?"

बांगडीवाला खाली बसला हसत.

सुमन शांतपणे म्हणाली, "चपलीचं नाव काढलं का म्या कधी? पंचवीस वर्षांत? नुसतं रडल्या एवढंच म्हणलं."

खरं होतं. तेच जास्त झोंबलं.

"या मशीनमध्ये दोष आहे," मी रफिकभाईंना म्हटलं. "चित्र वाकडं दाखवते. मला नको."

"मशीन एकदम ओके है अम्मा," ते म्हणाले, मान अजून खांद्यावरच.

"मला द्या भाई," सुमन म्हणाली. "बांधा."

अशी ती मशीन चितेगावला गेली, पोटातच राहिलेल्या माझ्या कॅसेटसकट. रिक्षात सुमन मला म्हणाली, "माइकचं राहू द्या वैनी. तुम्हाला काय माइकवर बोलायला लावू का मी?" माझं मन भरून आलं. नणंद असावी तर अशी, असंसुद्धा वाटून गेलं!

लग्न लागलं. मांडवात ती मोठी पडद्याची भिंत असते ना आजकाल, तिच्याशेजारी बघते तर आमची मशीन! सुमन म्हणाली होती माइक नको. पडद्याचं काही बोलली नव्हती.

पण चित्र काही येईना. सुमननं बटण दाबलं, तिच्या पोरानं दाबलं, पडदेवाल्यानं दाबलं. पडदा निळाच्या निळा. मी पहिल्या रांगेत देवाचे आभार मानत बसले होते. पण कानावर आवाज पडला, सीडीची बाजू रिकामी गरगरत होती. मूर्ख कुठले! एवढी चांगली मशीन, आणि बाजू धरायची अक्कल नाही? गरगर, गरगर. माझ्या हातांना मुंग्या आल्या. किती वेळ सोसावं माणसानं?

उठले. पडदेवाल्याच्या हातातून रिमोट हिसकावला, कोपऱ्यातलं बटण दाबलं, कॅसेट लावली, ट्रॅकिंग फिरवलं.

साऱ्या मांडवानं माना डाव्या खांद्यावर टाकून मला रडताना बघितलं. पण चित्र काय साफ आलं म्हणून सांगू! एक रेघ नव्हती.