शीतल आणि विश्वंभर सरांचा प्रोग्राम

हिंगोलीत विश्वंभर सरांना कॉम्प्युटरमधला शेवटचा शब्द मानत. सत्त्याण्णव साली गावात ज्या दोन-चार माणसांनी कॉम्प्युटर चालू करून दाखवला त्यांत ते एक होते, आणि संस्थेचे अध्यक्ष संतरामबापू यांचे ते मेव्हणे होते. बस्स, एवढंच कर्तृत्व. बापूंच्या शाळा हिंगोलीत, पुसेगावात, औंढ्यात. या शाळांचे निकाल काढणारा प्रोग्राम विश्वंभरनं लिहिला आणि त्या एका कामावर तो पुढं कित्येक वर्षं बसून खात राहिला.

शीतल ही एसटी डेपोतल्या रत्नपालची थोरली मुलगी. नांदेडला एमसीए करून २००३ साली ती संस्थेच्या कॉम्प्युटर रूममध्ये लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं तो प्रोग्राम उघडून बघितला. प्रत्येक वर्गासाठी त्याची वेगळी नक्कल, प्रत्येक शाळेसाठी पुन्हा वेगळी. काठावर नापास होणाऱ्या मुलाला वाढीव गुण द्यायचा नियम सगळीकडे नव्यानं लिहिलेला, आणि कुठंच तंतोतंत सारखा नाही. आतल्या आकड्यांना दिलेली नावं तर एक्स, डबल एक्स, ट्रिपल एक्स. आणि मुलाच्या एकूण गुणांचं नाव केतकी.

"सर, एकूण गुणांना केतकी काहून म्हणलं?"

"माझी लेक हाय ती. ध्यानात राहतं."

"तुमच्या ध्यानात राहतं. दुसऱ्यानं वाचायचं म्हणलं तर?"

"दुसऱ्याला वाचता येऊच न्हाई," विश्वंभर समाधानानं म्हणाला. "त्याच्यावरच तर आपली नोकरी हाय."

हे बोलताना त्याला लाज वाटली नाही. त्या दिवसापासून शीतल त्याला तोंडावर सर म्हणत राहिली, मनात मात्र काहीच म्हणेनाशी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या तेव्हा तिनं हिंगोलीच्या आणि पुसेगावच्या शाळांचा प्रोग्राम हातात घेतला. तो जे काम करतो ते तसंच ठेवायचं आणि आतली मांडणी तेवढी सुधारायची, असं तिनं ठरवलं. नावं धड केली. वाढीव गुणांचा नियम एका जागी आणला. शाळाशाळांत आणि वर्गावर्गांत खरोखर जो फरक होता तेवढाच वेगळा काढून ठेवला. एक तुकडा बदलला की ती मागच्या वर्षांचे सगळे निकाल जुन्या आणि नव्या प्रोग्राममधून काढून ताडून बघायची. जुळले की मगच जुना तुकडा पुसायचा. लोडशेडिंगमुळं मधेच कॉम्प्युटर बंद पडायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. विश्वंभर दारातून डोकवायचा आणि "झाडलोट चालू हाय का?" असं विचारून चहाला निघून जायचा.

त्याच उन्हाळ्यात तो पुण्याला एका शिबिराला जाऊन आला आणि येताना डिझाइन पॅटर्न घेऊन आला. म्हणजे नावं घेऊन आला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पुन्हा पुन्हा ज्या अडचणी येतात, त्यांवरच्या पारखलेल्या मांडण्यांना ही नावं असतात. अडचण कोणती, हे विश्वंभरला ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नव्हती. औंढ्याच्या शाळेचा प्रोग्राम त्यानं स्वतःकडं ठेवला आणि त्यात फॅक्टरी, सिंगलटन, ऑब्झर्व्हर अशी सगळी नावं कोंबली. केतकी होती तिथंच होती. शीतलनं वापरलेल्या मांडणीलाही असंच एक नाव होतं आणि तिला ते माहीत होतं. पण तिनं ते त्याच्यासमोर कधी उच्चारलं नाही. त्यानं लगेच त्याचा बोर्ड रंगवून घेतला असता.

जूनमध्ये बापू दोघांचं काम बघायला आले. विश्वंभरनं कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर बापूंचा फोटो आला आणि त्यावर वरून फुलं पडू लागली. बापूंनी ते दोनदा लावून बघितलं. मग ते शीतलकडं वळले.

"तुवं काय बदललं पोरी?"

"निकाल पयलेसारखाच येतो बापू. आतून नीट केलंय."

"म्हंजे काहीच न्हाई बदललं," बापू म्हणाले. शाल विश्वंभरला मिळाली.

पुढच्या एप्रिलमध्ये औंढ्याच्या शाळेचा नववीचा निकाल शंभर टक्के लागला. असं त्या शाळेत आजवर कधी घडलं नव्हतं. गावभर अभिनंदनाचे फलक लागले. शीतलनं गुणपत्रकं बघितली आणि प्रोग्राम उघडला. विश्वंभरच्या ऑब्झर्व्हरचं काम असं, की कुठं एखादा आकडा दुरुस्त केला की त्यानं वाढीव गुणांच्या भागाला कळवायचं. तो भाग आधीचे वाढीव गुण न काढताच त्यावर नवे चढवत होता. जितक्या दुरुस्त्या, तितका पोरगा हुशार.

तिनं हे बापूंना सांगितलं. औंढ्याचे मुख्याध्यापकही तिथंच बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"तक्रार कोनाची हाय?" बापूंनी विचारलं.

"कोनाची न्हाई."

"मंग तू काहून तकलीफ घेऊन राहिली?"

शीतलनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. रत्नपाल घरी एवढंच म्हणाला, "बराबर केलं." नंतर महिनाभर तो डेपोतल्या लोकांना पोरीला नांदेडला चांगली जागा मिळाली म्हणून सांगत होता. ती जागा प्रत्यक्षात मिळाली ती दिवाळीनंतर.

फुगवलेल्या गुणांवर नववी पास झालेली औंढ्याची मुलं पुढच्या वर्षी दहावीच्या बोर्डाला बसली आणि निम्म्याहून अधिक आपटली. बोर्ड काही विश्वंभरचा प्रोग्राम वापरत नव्हतं. आईबाप शाळेवर चालून आले. संस्थेनं चौकशी केली आणि गणिताच्या बाईंची बदली केली. विश्वंभरला कोणी काही विचारलं नाही. प्रोग्राम तेवढा दुरुस्त करून घ्या, एवढंच बापू म्हणाले. त्याला तो दुरुस्त करता येईना. स्वतःचंच लिहिलेलं आता त्यालाही वाचता येत नव्हतं.

शीतल सुट्टीला हिंगोलीत आली असताना विश्वंभर तिच्या घरी आला. रत्नपालनं खुर्ची दिली, चहा झाला.

"बापूंनी बोलावलंय," तो म्हणाला. "औंढ्याचं तेवढं नीट करून द्या."

"न्हाई जमायचं सर. नोकरी हाय मला."

"मी तुमचा प्रोग्राम उघडून पाह्यला," तो जरा चिडून म्हणाला. "त्याच्यात तर काहीच न्हाई. एकदम साधा. कोनीबी वाचून घेईल."

"मग वाचा न," शीतल म्हणाली. "तोच औंढ्याला लावा."

यात आपल्याला उत्तर मिळालंय, हेही त्याला कळलं नाही. चप्पल घालताना तो रत्नपालला म्हणाला, की पोरगी हुशार आहे पण हिला पॅटर्न येत नाहीत.