कपाळावरची खोक आणि फ्लॅगशिप फोन

‘परवडणारा फ्लॅगशिप’ हे शब्द ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारले, त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, म्हणजे नक्की काय? फ्लॅगशिप म्हणजे कंपनीचा सगळ्यात भारी फोन; तो असता तर मला परवडला नसता, आणि मला परवडला म्हणजे तो फ्लॅगशिप नव्हे. पण एवढी अक्कल मला फोन घेतल्यानंतर आली. घेण्याआधी मीच हे शब्द ऑफिसभर मिरवत होतो.

भरीला घातलं ते माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने. मद्रासच्या गिंडी भागातल्या एका लहान कारखान्यात आम्ही दोघं क्वालिटीला आहोत. पंपाचे सुटे भाग तपासायचे, ओरखडा दिसला की लाल खडूने फुली मारून तो भाग बाजूला टाकायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. सहकारी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि फोन या विषयावर सल्ला देताना त्याला जेवणाचंही भान राहत नाही. “सार, हा तुमचा फोन म्युझियमला देऊन टाका,” असं तो रोज म्हणायचा. माझ्या फोनची काच कोपऱ्यात तडकलेली होती आणि कॅमेरा असा की भरदुपारीसुद्धा मी त्यात तिन्हीसांजेला बसल्यासारखा दिसायचो. मी त्याचं ऐकलं नसतं, पण मनात आईचा विचार होता.

आई मिरजेला थोरल्या भावाकडे असते. वय ऐंशीच्या पुढे. गेली दोन वर्षं तिला विसरण्याचा आजार आहे. जेवली की नाही ते आठवत नाही, वडील गेलेत हे आठवत नाही, कधीकधी ज्या वहिनी तिला न्हाऊमाखू घालतात त्यांनाच विचारते, “तुम्ही कुणाकडच्या?” पण मला ओळखायची. रोज संध्याकाळी साडेसहाला, मी तांबरमला घरी पोचलो की व्हिडिओ कॉल. वहिनी फोन धरायच्या आणि आई पडद्यावर माझ्या कपाळावर बोट ठेवायची. तिथे एक खोक आहे. सातव्या वर्षी विटी लागली होती, आईने हळद दाबली होती. तिचा वण डाव्या भुवईच्या वर अजून चांगला बोटभर आहे. “दुखतं का रे?” आई विचारायची. “नाही गं.” “तेल लाव.” झाला आमचा कॉल. एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची, बायको हाक मारायची, आणि मी उठायचो.

तर आईला मी जरा स्पष्ट दिसावा म्हणून तो फोन घेतला. हसू नका.

काय त्या फोनचा थाट! मागे तीन कॅमेरे, त्यातला एक नुसता शोभेला आहे असं पुढे सहकाऱ्यानेच कबूल केलं. खोक्यात चार्जर नाही, पण आभाराचं कार्ड आहे. न मागता भरलेले अकरा गेम. सांबाराचा फोटो काढला तर फोन स्वतःच ठरवतो की हे अन्न आहे आणि त्याला शेंदूर फासतो. सकाळी उठल्यावर मला सांगतो की तुमच्या आठवणींचा चित्रपट तयार आहे. उघडून पाहिलं तर गॅसच्या पावतीचे, टायरचे आणि माझ्या तुटलेल्या दाढेचे फोटो, मागे व्हायोलिन. आणि मे महिन्यात स्टेशनवरून घरी चालत येताना पडद्यावर काय यावं, तर फोन फार तापला आहे, कृपया थंड होऊ द्या. अरे, तुला मद्रासला विकायला आणलं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं का इथे ऊन असतं? माझी बायको तंजावरकडच्या मराठी घरातली, तिचं मराठी जुनं आणि चाल तमिळ. ती एकच शब्द म्हणाली, “पोदुम.” म्हणजे पुरे.

पण खरा तमाशा पहिल्याच संध्याकाळी झाला. मी दाढी-बिढी करून, नीट उजेडात बसून कॉल लावला. आईने पडद्याकडे पाहिलं. बोट पुढे आणलं, हवेतच थांबवलं, मागे घेतलं. मग तिने डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, “कोण आपण?”

“अगं, मी!” म्हणालो. नाव सांगितलं, लहानपणीचं लाडाचं नाव सांगितलं. ती वहिनींकडे वळून हळूच म्हणाली, “पाहुण्यांना चहा विचार गं.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटलो, आवाज चढवून म्हणालो, “आई, मी तुझा मुलगा आहे!” तर ती रडायलाच लागली. “माझ्या मुलाला काय झालं? हे असं का बोलताहेत?” वहिनींनी मला खूण केली, भाऊजी, सोडा आता. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की एक दिवस तुम्हालाही विसरतील. तो दिवस आला, असं मी धरून चाललो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि सकाळी हा निर्लज्ज फोन हातात घेतला तर त्याने माझं थोबाड पाहून क्षणात कुलूप उघडलं. तीन दिवसांत फोन मला ओळखायला लागला होता, आणि आई ओळखत नव्हती. वाटलं, समुद्रात नेऊन भिरकावून द्यावा.

चौथ्या दिवसापासून मी पाहुणाच झालो. दुसरं करणार काय? “नमस्कार आजी, मद्रासहून बोलतोय, कशा आहात?” असं म्हणायला जीभ वळेना, पण वळवली. आणि आई बोलायला लागली! परक्या माणसापाशी बोलावं तसं, शहाण्यासारखं, सावकाश. तिला म्हणे नर्स व्हायचं होतं. फॉर्म भरला होता, तो आजोबांनी फाडला. मी बावन्न वर्षांचा झालो, मला हे ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, बहिणीकडे गेली असताना तिने साडी खोचून सायकल शिकायला घेतली होती, गावाबाहेरच्या रस्त्यावर, पहाटे. माझी आई आणि सायकल! कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, बायकोने हाक मारली, मी हातानेच थांब म्हटलं. परक्याच्या बोलण्यात असं मध्येच उठता येत नाही ना. अर्धा अर्धा तास चालायचं हे.

आठव्या दिवशी सायकल ऐन उतारावर आली होती, तेवढ्यात आई थांबली आणि म्हणाली, “तुम्ही मद्रासला असता ना? माझा धाकटाही तिथेच असतो. ओळखता का? कपाळावर खोक आहे बघा, इथे.” आणि तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला.

माझाही हात कपाळाकडे गेला. बोटाला खोक लागली. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या माझ्या चिमुकल्या चौकोनाकडे लक्ष गेलं. चष्मा लावला. त्या चौकोनात एक इसम बसला होता. कपाळ तुपासारखं गुळगुळीत, गाल भरलेले, डोळ्यांखाली काही नाही, मागची भिंत आणि देवाचं कॅलेंडर धुक्यात गडप. खोक नव्हती. या फोनने माझी खोक पुसली होती!

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या टेबलावर तो फोन आपटला. त्याने शांतपणे दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि म्हणाला, “सार, चेहरा गुळगुळीत करायचं हे सौंदर्य आपोआप चालू असतं. कंपनीतूनच तसं येतं. लोकांना आवडतं.” मला विचारलं होतं का? आम्ही दोघं दिवसभर पितळेवरचे ओरखडे शोधतो, आणि आमच्या खिशात हा शहाणा, माणसांवरचे ओरखडे शोधून फुल्या मारतोय. एवढं बोललो त्याला. तो म्हणाला, बंद केलंय सार, आता होणार नाही. संध्याकाळी पाहिलं तर खोक पुसटशी आली होती, पण गाल तसेच भरलेले. त्या फोनवरचा विश्वासच उडाला. मी तो ड्रॉवरमध्ये कोंबला आणि जुना, तडकलेला बाहेर काढला.

कॉल लावला. तिन्हीसांजेला बसल्यासारखा मी, मागे कॅलेंडर, वर पंख्याची घरघर. आई बघत राहिली. मग तिचं बोट पुढे आलं आणि पडद्यावर टेकलं. “दुखतं का रे?”

मी रडलो. बायकोसमोर, वहिनींसमोर, बावन्नाव्या वर्षी हमसून हमसून रडलो. “नाही गं,” म्हणालो. “तेल लाव,” आई म्हणाली.

पुढे आठ-दहा दिवस सगळं पूर्वीसारखं चाललं. दुखतं का, तेल लाव, कुकर, उठलो. मी मधूनच विचारून पाहिलं, “आई, तू सायकल शिकली होतीस ना?” ती म्हणाली, “कोण सांगतं तुला हे भलतंसलतं? जेवलास का?”

मग एका संध्याकाळी शिट्टी झाली, मी उठायला लागलो, तर आई म्हणाली, “थांब जरा. ते मद्रासचे गृहस्थ हल्ली फोन करत नाहीत रे. तुझ्या ओळखीचे आहेत ना?”

“आहेत,” मी म्हणालो.

“त्यांना म्हणावं, करा. फार मन लावून ऐकायचे. सायकलचं अर्धंच सांगून झालंय.”

“मला सांग ना, आई. मी ऐकतो.”

आई हसली. रागाने नाही, अगदी मायेने. “तुला कुठे वेळ असतो, बाळा,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी आईला जुन्या फोनवरून कॉल केला, तेल लावतो म्हणालो. ठेवला. मग ड्रॉवर उघडला, तो परवडणारा फ्लॅगशिप चार्ज केला, आणि सौंदर्य बंद करायला सहकाऱ्याने जिथे दाबलं होतं तिथे जाऊन ते स्वतःच्या हाताने पूर्ण वर सरकवलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने आत जाऊन कुकरखालचा गॅस बंद केला.

“नमस्कार, आजी,” मी म्हणालो. “सायकलचं अर्धं राहिलं होतं.”

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “या, बसा.”