रॉकेलवरची साय

रॉकेलचा वास आला की ठाकुर्लीच्या चाळीतला आमचा स्टोव्ह आठवतो. तेव्हा मी विमानांच्या देखभालीच्या कामावर होतो. रोज सकाळी टाकीच्या तळातलं थोडं इंधन काचेच्या बरणीत काढायचं, पाणी किंवा बुरशी नाही ना ते उजेडात बघायचं आणि टाकून द्यायचं. पण ते इंधन म्हणजे रॉकेलच, म्हणून मी थेट पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायचो आणि न बघताच 'तपासलं' म्हणून सही ठोकायचो. एका संध्याकाळी बायको वैतागली, "अहो, स्टोव्ह सारखा तुंबतोय, किती वेळा पिन मारू? रॉकेलवर साय येते का कधी?" डब्यात बोट घातलं, तर तपकिरी, बुळबुळीत दोरा वर आला. ज्या विमानाचं हे इंधन, ते दुपारीच उडालेलं. आकाशात त्याला कोण पिन मारणार? धावत कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावला, "साहेब, सकाळच्या नमुन्याची शंका येतेय." विमान सुखरूप उतरल्याचं कळेपर्यंत दुकानाच्या पायरीवरच बसून राहिलो. टाकी उघडली, तर आत शेवाळासारखा थर होता. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, "घरी गेला तरी याच्या डोक्यात विमानच असतं!" परवा एका लग्नात जुन्या सोबत्याने माझ्या नातवाला हेच कौतुकाने सांगितलं. शेजारी बायको पानातली जिलबी मोडत राहिली, तिने मान वर केली नाही.