पियानोतल्या अक्षता

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की जीव हळहळतो. खून नाही, दरोडा नाही. भांडण होतं एका पियानोच्या दुरुस्तीचं. सत्तरच्या दशकात मी कर्जत ठाण्याला फौजदार होतो, तेव्हाची गोष्ट.

तक्रारदार गावातले जुन्या घराण्यातले वकील. माथेरानचा एक बंगला रिकामा होत होता, तिथला पियानो त्यांनी लेकीसाठी आणला. दुरुस्त केला भिसेगावच्या एका कारागिरानं. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला, मुंबईत काम शिकून आलेला अबोल माणूस. त्यानं वर्षभराची तोंडी गॅरंटी दिली होती. दसऱ्यानंतर पियानोच्या पट्ट्या अडकल्या, तेव्हा येऊन त्यानं फुकट मोकळ्या करून दिल्या. दिवाळीनंतर पुन्हा अडकल्या, शिवाय आतल्या हातोड्यांवरच्या बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, चिंध्या खाली पडायला लागल्या. कारागीर येऊन पाहून गेला, नमुन्याला फाटके तुकडे घेऊन गेला, पण कारण सांगेना. वकीलसाहेब लालबुंद होऊन ठाण्यात आले. "नवी बनात म्हणून कुजकी घातली हो! ही सरळसरळ फसवणूक आहे."

तक्रार नोंदवून घेतली. दुसऱ्याच दिवशी स्टेशनाबाहेरचा चहावाला, आमचा जुना खबऱ्या, धापा टाकत आला. "साहेब, तो पियानोवाला पिशवी घेऊन फलाटावर उभा हाय. पळतोय जणू!" हवालदार धावले आणि भर फलाटावरून त्याला दंडाला धरून घेऊन आले. पिशवीत फाटक्या बनातीचे तुकडे निघाले. हवालदारांना हर्ष झाला. "मुद्देमालासकट गावला बघा!"

मी त्याला समोर बसवलं. "हे तुकडे घेऊन कुठं निघाला होतास?"

"मुंबईला. याच जाडीची नवी बनात आणायला."

"म्हणजे आधीची वाईट होती, कबूल?"

"घातली तवा चांगली होती."

"मग फाटली कशी?"

मी आवाज चढवला. "अरे, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

तसा तो हात जोडून म्हणाला, "साहेब, गॅरंटी मी दिलीय, नीट पण मीच करून देतो. फक्त केस करू नका. घाटावरच्या शाळेत काम ठरलंय. तिथले समदे पियानो कायमचे माझ्याकडं येनार हायत. पोलिसाचं नाव लागलं तर ते काम नाय मिळायचं. मग पोरांना काय घालू?"

माझ्या नोकरीत मी एक पाहिलंय. लबाड माणूस कारणं खंडीभर देतो. पाऊस, दमट हवा, जुनं लाकूड, वाट्टेल ते सांगून यानं हात झटकले असते. हा एकही कारण देईना. मला ते खटकलं. दोन पंच घेतले, त्यालाही घेतलं आणि वकिलांच्या घरी गेलो.

"उघड," मी म्हणालो. तो जागचा हलेना. शेवटी दरडावल्यावर त्यानं खालची फळी काढली. आत उंदरांनी बनात कुरतडून घरटं केलं होतं. त्यानं पट्ट्या उचलल्या, तर खाली तांदूळ. कुंकवानं लाल झालेले, तुपात माखून चिकटलेले, मूठभर तरी असतील.

वकिलांच्या आई दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, दोन दाणे बोटावर घेतले आणि मटकन खुर्चीवर बसल्या. "अगं बाई! माझ्याच हातच्या अक्षता या. दसऱ्याला याला सरस्वती म्हणून पूजलं, दिवाळीत लक्ष्मीबरोबर पूजलं. झाकण उघडून चांगल्या ओंजळीनं वाहिल्या रे मी."

झालं होतं ते एवढंच. दाण्यांनी पट्ट्या अडकल्या आणि दाण्यांच्या वासानं उंदीर आले.

"दसऱ्यानंतर आलास तेव्हाच तुला दिसलं असेल," म्हातारीनं त्याला विचारलं. "मग बोलला का नाहीस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आजी, तुमी भक्तीनं वाहिल्या. मी म्हनलो असतो, पूजेनं पियानो बिघडला, तर गावानं काय ऐकलं असतं? देव सोडून बौद्ध झाला, आता आमच्या देवाला नावं ठेवतो, हेच ना? त्यापेक्षा चार वेळा फुकट दुरुस्ती परवडली."

वकिलांनी त्याच दिवशी तक्रार मागं घेतली, त्याची माफीही मागितली. माणूस वाईट नव्हता, तापट होता इतकंच.

पण फलाटावर त्याला धरून नेताना घाटावर जाणाऱ्या गाडीत बसलेल्या त्या शाळेच्या कारकुनानं पाहिलं होतं. शाळेनं काम नाकारलं. मला राहवेना. मी स्वतः घाट चढून गेलो, गणवेशात, म्हणजे शब्दाला वजन येईल. व्यवस्थापकांना सगळं सांगितलं, माणूस सोन्यासारखा आहे म्हटलं. त्यांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे, साहेब. पण ज्याच्यासाठी फौजदाराला इथवर यावं लागतं, असा माणूस मुलांच्या शाळेत कसा ठेवू?"

भिसेगावात जाऊन मी त्याला हे सांगितलं. तो "बरं साहेब" म्हणाला आणि मला बसायला पाट दिला. वर्षाच्या आत तो बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला. कुठं गेला, ते कोणाला कळलं नाही.

पुढच्या नोकरीत माझ्यासमोर कोणी गप्प बसला, की मी हवालदारांना बाहेर पाठवायचो, दार लावायचो आणि काय लपवतोस हे न विचारता एवढंच विचारायचो, "बोललास तर तुझं काय जाईल?" कितीतरी माणसं त्या एका प्रश्नावर घडाघडा बोलली. त्या पियानोवाल्याला मात्र हे कोणीच विचारलं नव्हतं.