सरांनी पाडलेला बर्फ

"कारण सांगा, कारण!" असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याकडे असे बघायचे की बोलणारा निम्मा तिथंच गार व्हायचा. उद्या धुकं पडेल, एवढं साधं वाक्य आपण बोलून जावं, तर त्यावरही कारण हवं. वारा कुठून आहे, आभाळ किती झाकलंय, जमीन किती ओली आहे. नसेल सांगता येत, तर गप्प चहा प्या.

तुम्हीही पाहिले असतील असे हवामानवेडे. हल्ली प्रत्येक सोसायटीत एखादा असतोच. पण जयपूरच्या आमच्या जगतपुऱ्यात त्यांची अख्खी टोळी निघाली आणि तीही मराठी, याचा मला पहिल्या दिवशी धक्काच बसला. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले, तर सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या थडीवर, म्हणजे इथल्या चहाच्या टपरीवर, कानटोप्या घातलेली चार प्रौढ माणसं मराठीत कडाकडा भांडत होती. मला वाटलं मेंटेनन्सवरून असेल. जवळ गेले तर विषय काय? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर यंदा बर्फ पडणार की नाही!

आता मला सांगा, जयपूरला समुद्र नाही. जयपूरला बर्फ नाही. मग ही माणसं कुणाच्या बर्फावरून एकमेकांच्या उरावर बसली होती? मी तोंडावर हसले. तेव्हा सर म्हणाले, "बाई, हसू नका. बसा. कुल्हड गरम आहे, सांभाळून धरा." मी बसले ती बसलेच.

सर भूगोलाचे प्राध्यापक. मूळचे गुहागरकडचे, समुद्राशेजारी वाढलेले. नोकरीनं त्यांना वाळवंटाच्या तोंडाशी आणून टाकलं, याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण बोलायचे सतत समुद्राबद्दलच. त्यांचं म्हणणं सोपं होतं. समुद्र हिवाळ्यातही जमिनीपेक्षा उबदार असतो. वारा समुद्रावरून आला की वरून निघालेला बर्फ किनाऱ्यावर पोचेपर्यंत पाणी होतो. म्हणून किनाऱ्यावर बर्फ नाही. वारा जमिनीकडून आला तरच काही आशा, आणि तीही थोडीच.

त्यांच्या विरुद्ध पार्टीत रामटेकेभाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले, नागपूरचे. ते म्हणायचे, "पडते म्हंजे पडते, सर! तुमचा समुद्र काय गिझर आहे का बाप्पा?" एकदा त्यांनी पांढऱ्याशुभ्र पुळणीचा व्हिडिओ आणला आणि सरांच्या नाकासमोर धरला. सरांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "या गारा आहेत, भाऊ. टप्पा घेतायत बघा. बर्फ कधी उड्या मारतो का?" रामटेके अर्धा चहा टाकून उठून गेले.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'हवापाणी' नावाचा. नियम एकच. कारणाशिवाय अंदाज टाकायचा नाही. टाकला तर सर जाहीर कान उपटायचे. माझ्या भाचीच्या लग्नाचं रिसेप्शन इथल्या सोडाला भागातल्या एका लॉनवर होतं. वरपक्ष म्हणे, आकाश निरभ्र आहे, मांडव कशाला? सर म्हणाले, "मावठ येणार, हिवाळ्यातला पाऊस. मांडव घाला." जेवणाच्या पंगतीवर पाऊस असा कोसळला की शेजारच्या लॉनवरचं वऱ्हाड आमच्या मांडवात येऊन जेवलं.

पण खरं बोलण्याची ही सवय कधी कधी अंगावर काटा आणायची. सरांच्या बायकोचं शेवटचं आजारपण होतं. मी भेटायला गेले होते. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "उद्या ऊन पडेल का हो?" जानेवारीतलं ते दाट धुकं, दिवस दिवस सूर्य दिसत नव्हता. कुणीही म्हटलं असतं, हो, पडेल. सर म्हणाले, "नाही. उद्याही धुकंच आहे." मी त्यांना बाहेर बोलावून असं फाडफाड बोलले की काय सांगू. म्हटलं, माणूस आहात की थर्मामीटर? ते शांतपणे म्हणाले, "सकाळी खिडकीत दिसेलच की तिला. मग माझ्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसणार नाही तिचा." मला तेव्हा त्यांचा मनस्वी राग आला होता.

त्यांची एकुलती एक मुलगी मीनल. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एका लहानशा गावात नवऱ्याबरोबर राहायची. म्हणजे एवढं भांडण होतं ते मीनलच्या अंगणावरून, हे मला हळूहळू समजलं. तीही 'हवापाणी'वर होती. जयपुरात वाढलेली, मराठी अडखळत बोलायची. सकाळी उठली की खिडकीतून फोटो टाकायची, "बाबा, बाहेर असं आहे. मतलब, आज गाडी काढू?" तिथल्या हवामान खात्यापेक्षा तिचा बापावर भरवसा जास्त. आणि तिला ते विचारणं भाग होतं. एका हिवाळ्यात, वारा जमिनीकडून होता तेव्हा, त्या किनाऱ्याच्या रस्त्यावर बर्फावरून तिची गाडी घसरली होती आणि पोटातलं बाळ गेलं होतं. तेव्हापासून बर्फ म्हटलं की ती गाडीच्या किल्लीला हात लावत नसे. आता पुन्हा दिवस गेले होते, सातवा महिना होता, आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं होतं.

यंदाच्या संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. आभाळभर पतंग होते, गच्च्यांवरून भोंगे ओरडत होते. मी थडीवर पोचले तर सर आधीच बसलेले, चेहरा उतरलेला. रामटेक्यांनी नेहमीसारखी काडी टाकली, "काय सर, या आठवड्यात पडते का नाही तुमच्या किनाऱ्यावर?"

सर म्हणाले, "पडणार."

रामटेक्यांनी कानटोपी वर सरकवून कान मोकळे केले. "काय बोलून राहिले सर तुम्ही?"

"बुधवारी रात्री. किनाऱ्यावर. भरपूर."

आम्ही मोबाइल काढले, नकाशे उघडले. वारा सरळ समुद्रावरून होता. फार तर भुरभुर पाऊस आणि मग ऊन. तिथलं हवामान खातं मात्र कचरत होतं, पाऊस किंवा बर्फ, दोन्ही शक्य म्हणत होतं. पण सरांच्याच हिशेबानं बर्फाला जागाच नव्हती. मी म्हटलं, "सर, कारण?"

"कारण मी सांगतोय म्हणून!" सर ओरडले. थडीवाला भैयासुद्धा दचकला. "क्या हुआ, सरजी?" म्हणत तो पाण्याचा ग्लास घेऊन आला. सरांनी ग्लास घेतला आणि न पिताच बाजूला ठेवला. मी इतक्या वर्षांत त्या माणसाला आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद. गुरुवारी सकाळी बायपास. मीनलला त्यांनी फक्त "एक तपासणी आहे" एवढंच सांगितलं होतं, पण पोरगी हुशार, तिला वास लागला. तिनं परस्पर तिकीट काढलं. बुधवारी रात्री ती त्याच रस्त्यानं विमानतळाकडे गाडी घेऊन निघणार होती. नवऱ्याचं ऐकत नव्हती, डॉक्टरांचं ऐकत नव्हती.

"मग सांगा ना तिला, येऊ नको म्हणून!" मी म्हटलं.

"मी नको म्हटलं तर पहिली धावत येईल. माझं ऐकणार नाही, बाई. बर्फाचं ऐकेल."

रामटेके म्हणाले, "पण सर, ग्रुपवर आम्ही सारे आहोत. ती आम्हाले इचारन."

"म्हणूनच सांगतोय," सर म्हणाले. आणि ज्या माणसानं मरणाऱ्या बायकोला खोटं ऊन दाखवलं नाही, त्यानं आमच्यासमोर हात जोडले.

त्यानंतर 'हवापाणी'वर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. सरांनी अंदाज टाकला. मीनलचा लगेच प्रश्न आला, "बाबा?? तुम्ही आणि बर्फ?? रामटेके काका, हे खरं आहे का?" आता रामटेके लगेच हो म्हणाले असते तर पोरीला संशय आला असता. या पठ्ठ्यानं काय करावं? ते उलट्या बाजूनं भांडले! "मी नाई मानत. कालपर्यंत सर माझंच चुकते म्हणत होते, आता काहून पलटले? कारण सांगा!" सरांनी कारण दिलं. म्हणे वारा रात्री वळणार, जमिनीकडून येणार. रामटेके आणखी भांडले. मी मध्ये पडून एक जुना नकाशा चिकटवला. शेवटी तासाभरानं रामटेक्यांनी लिहिलं, "हारलो सर. पडते." मी थक्क झाले. ज्या 'पडते'साठी ते इतके दिवस भांडले, तेच सरांनी आज मान्य केलं होतं, आणि रामटेके डोळे पुसत बसले होते.

मीनलनं लिहिलं, "ओके. मग नाही निघत. तिकीट पुढच्या आठवड्याचं करते. बाबा, तपासणी झाली की फोन करा, नक्की."

सरांनी मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मीच तिला सांगेन. खूप चिडेल." एवढं बोलून मोकळेपणानं हसले. त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा मागितला, तो मी पिऊ दिला नाही.

गुरुवारी सकाळी रामटेके आणि मी इस्पितळात होतो. सही करायला सरांचा धाकटा भाऊ मुंबईहून आला होता. स्ट्रेचरवरून आत जाताना सरांनी मला विचारलं, "तिकडे काय आहे?" मी मोबाइल बघून सांगितलं, पाऊस थांबलाय, ढग पांगतायत. ते म्हणाले, "तेच म्हणत होतो मी," आणि डोळे मिटले.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. ते सरांच्या भावाला बाजूला घेऊन गेले आणि तो भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. मला काय झालं ते समजलं, पण डोक्यात शिरेना. सकाळी बोलला होता माणूस. मी रामटेक्यांकडे बघितलं. ते म्हणत होते, "नाही ना जी, असं कसं? असं कसं होईन?" तेच तेच म्हणत होते. मला रडू येत नव्हतं.

आणि त्याच वेळी दोघांचेही मोबाइल वाजले.

स्कॉटलंडात तेव्हा सकाळ होत होती. 'हवापाणी'वर मीनलचा फोटो होता. स्वच्छ काळा रस्ता, पलीकडे समुद्र आणि त्यावर पिवळं धमक ऊन. खाली आवाजातला निरोप. रामटेक्यांचं बोट चुकून त्यावर पडलं आणि त्या कॉरिडॉरमध्ये तिचं हसू घुमलं, "बाबा, देखो! एक कण पण नाही! मतलब तुम्ही चुकले! बाबा चुकले! काका, काकू, सोडू नका त्यांना आज. कुठं लपलेत? त्यांना बोलवा ना!"

रामटेक्यांनी मोबाइल उलटा करून मांडीवर दाबून धरला, जणू तो आवाज आत ऑपरेशन थिएटरपर्यंत जाईल. सरांचा भाऊ हुंदके देत होता, त्याच्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. पुन्हा निरोप आला. "सगळे गप्प का?" मग तिसरा, नुसती हसणारी तोंडं.

"मॅडम, तुम्ही बोला," रामटेके म्हणाले. "माह्याच्यानं नाही होत."

मी आधी तिच्या नवऱ्याला फोन लावून पाहिला. तो घेत नव्हता, कामावर निघाला असावा. बातमी फुटून सोसायटीतलं कुणीतरी ग्रुपवर श्रद्धांजली लिहून बसण्याआधी तिला सांगायला हवं होतं. मी उठून जिन्यापाशी गेले आणि मीनलचा नंबर लावला.

पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "काकू! बाबांनी तुम्हाला पुढे केलं ना? हरले म्हणून बोलायला लाज वाटते त्यांना?" मागे चहाचं पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "मीनल, गॅस बंद कर बाळा, आणि आधी खाली बस बघू."