विषय दाखवणाऱ्या वेणूताई

वेणूताई प्रधान वयात आलेल्या मुलींना घेऊन घरोघर बघण्याच्या कार्यक्रमाला जातात, असं बदलापुरात कुणी म्हटलं असतं तर ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त त्या बघायला जायच्या तो मुलगा नसायचा, बी.ए.चा विषय असायचा.

ही पन्नासनंतरची गोष्ट. इंटर पास झालं की बी.ए.साठी एक मुख्य विषय धरायचा आणि पुढची दोन वर्षं त्याच्याच घरात नांदायचं, अशी रीत होती. विषय ठरवायचे ते बहुधा वडील, नाहीतर ज्याच्या मुलाला मागल्या वर्षी चांगले मार्क पडले असतील तो शेजारी. वेणूताईंना ही पद्धत अजिबात मान्य नव्हती. त्या अंबरनाथला आमच्या शाळेत शिकवायच्या आणि राहायला बदलापूरला होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, पदर कायम खोचलेला, आणि आवाज असा की वर्गातली शिस्त शेजारच्या वर्गालाही लागावी. शाळा सोडून गेलेल्या मुलींवरचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही. कुणी इंटर पास झाल्याचं कळलं की रविवारी तिच्या दारात हजर.

"पुस्तक बघून काही ठरवू नकोस," त्या सांगायच्या. "पुस्तक म्हणजे लग्नासाठी काढलेला फोटो. त्या विषयाबरोबर ज्यानं वीस वर्षं संसार केलाय ना, त्याला जाऊन बघ. त्याचा चेहरा सगळं सांगतो."

यामागे त्यांची स्वतःची कहाणी होती आणि ती त्या हसत हसत सांगायच्या. त्यांच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं की अर्धमागधीत मार्क फार मिळतात. झालं, वेणूताई अर्धमागधी घेऊन बी.ए. झाल्या. "भाषेचा काही दोष नाही हो. बिचारी चांगली होती. पण आमचं जमलं नाही," त्या म्हणायच्या. मग पलीकडे पेपर वाचत बसलेल्या प्रधानकाकांकडे बोट दाखवून म्हणायच्या, "नवराही न बघताच मिळाला, पण तो चांगला निघाला. नशीब एकदा साथ देतं. दोनदा द्यायला ते काही माझं माहेर नाही." काका पेपरातून मान वर न करता "आभारी आहे" म्हणायचे.

मी इंटर झाले तेव्हा आमच्या घरात माझा विषय ठरल्यातच जमा होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या कारखान्यात चार्जमन होते. ते म्हणाले, "मराठी घे. घरचा विषय आहे. सासरी कुणी नावं ठेवणार नाहीत." आईचं म्हणणं एवढंच की ज्यात गणित नाही असं काहीही घे. मला काय हवं ते मलाच माहीत नव्हतं. पण ज्या गोष्टीत माझं मन विचारात घ्यायची कुणालाच गरज वाटत नाही, ती मला नको होती. आप्पांनी आठवड्याची मुदत दिली आणि त्याच रविवारी वेणूताई येऊन थडकल्या.

"कुसुम, साडी बदल. इतिहास बघायला जायचंय."

इतिहासाचे प्राध्यापक कर्णिक बदलापूरलाच राहायचे. रविवारी सकाळी एका मुलीला घेऊन येते, एवढंच वेणूताईंनी त्यांना कळवलं होतं. आम्ही पोचलो तर दारात रांगोळी, ओटा धुतलेला, आणि बैठकीवर कोरी चादर. वेणूताई खूश झाल्या. माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, विद्येची किती कदर आहे या घरात."

प्राध्यापकांच्या आई, माई, बाहेर आल्या. मागोमाग प्राध्यापकांचा धाकटा भाऊ आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि जमिनीकडे बघत कोपऱ्यात बसला. पोहे आले. वर ओलं खोबरं भरपूर. खोबऱ्याचं प्रमाण बघूनच मला शंका आली. वेणूताईंचं मात्र तिकडे लक्षच नाही. त्या प्राध्यापकांना खोदखोदून विचारत होत्या, "इतकी वर्षं इतिहासाबरोबर काढलीत, कधी कंटाळा आला?" आणि प्राध्यापक सांगत होते की तेच राजे, त्याच लढाया, आता पोरांना टिपणं उतरवून देतो आणि मोकळा होतो.

इकडे माई मला विचारत होत्या, "स्वैपाक येतो ना? भरली पापलेटं करतेस?" मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "जरा त्या खिडकीपर्यंत जाऊन बघ गो, कसा छान वारा येतो." मी मुकाट्यानं खिडकीपर्यंत चालत गेले आणि परत आले. माईंनी माझे पाय नीट न्याहाळले. मी वेणूताईंचा पदर ओढला तर त्या म्हणाल्या, "थांब गं, सर महत्त्वाचं बोलताहेत." निघताना माईंनी मला कुंकू लावलं आणि हातात नारळ ठेवला.

रस्त्याला लागल्यावर वेणूताईंनी निकाल दिला, "इतिहास नको. शिवाजीमहाराज आग्र्याहून सुटले ते सांगतानासुद्धा तो माणूस जांभई देत होता."

मी म्हटलं, "ताई, त्यांनी मला बघितलं."

त्या चालता चालता थांबल्या. माझ्या हातातल्या नारळाकडे बघितलं, कपाळाच्या कुंकवाकडे बघितलं. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्या इतक्या हसल्या की एक सायकलवाला उतरून विचारायला आला, बाईंना बरं नाही का.

दोन दिवसांनी त्या मला उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात घेऊन गेल्या. "तिथे एक माणूस आहे," एवढंच म्हणाल्या. तो माणूस म्हणजे लालवाणी सर. सिंधमध्ये कॉलेजात भूगोल शिकवायचे. फाळणीनंतर सगळं कुटुंब घेऊन कॅम्पात आले, लष्कराच्या बराकीत गोणपाटाचे आडोसे करून राहिले, आणि आता मुंबईच्या एका कॉलेजात पुन्हा भूगोलच शिकवत होते. सुट्टीत ते भावाच्या कापडाच्या दुकानात बसत. वेणूताई एकदा परकराचं कापड घ्यायला गेल्या होत्या. त्या वेळी या गृहस्थांनी कापूस कुठल्या मातीत येतो हे सांगण्यात त्यांचा तासभर घेतला आणि कापड द्यायचं राहूनच गेलं. अशी ती ओळख.

सरांनी मला विचारलं, "बेटी, घर किधर?"

"अंबरनाथ."

"शिवमंदिराजवळ नदी आहे ना, वालधुनी. ती कुठून येते?"

मला माहीत नव्हतं.

"जाते कुठे?"

तेही माहीत नव्हतं. लहानपणापासून मी त्या नदीत पाय बुडवून बसले होते आणि ती कुणाची कोण, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"अरे साईं," सर म्हणाले, "शेजारीण आहे तुमची. तिचा मायका, ससुराल, काहीच मालूम नाही?" आणि समोर मांजरपाटाचा तागा उलगडलेला होता, त्यावरच त्यांनी शिंप्याच्या निळ्या खडूनं डोंगर काढायला सुरुवात केली. डोंगरातून नदी काढली, तिच्या काठी देऊळ काढलं, मग ती नदी वळवत वळवत आणली ती थेट कॅम्पातून, त्यांच्या बराकीच्या मागून, कल्याणच्या खाडीपर्यंत. "बघ, तुझ्या घरचं पाणी माझ्या घरावरून जातं." त्यांचा भाऊ सिंधीत ओरडत होता. सर त्याला म्हणाले, "धुल जाएगा, धुल जाएगा," आणि खडूनं खाडीला एक फाटा फोडला.

वेणूताईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, इतकी वर्षं काढलीत. कंटाळा नाही आला?"

सरांनी खडू खाली ठेवला. "बहनजी, घर गेला. किताबें गेली. आमचा सिंधू दर्या तिकडे राहिला. सब्जेक्ट नाही गेला. तो माझ्याबरोबर गाडीत बसून आला. तिकीटसुद्धा नाही लागला त्याला." आणि असं म्हणून ते हसले. वेणूताईंनी माझ्याकडे बघितलं, पण मी त्या कापडावरच्या नदीकडे बघत होते. मला काय हवं ते मला कळलं होतं, आणि इतका आनंद झाला होता की परतताना मी वाटेत ती नदी कुठे दिसते तेच शोधत होते.

घरी आले तर आई गूळ किसत बसलेली आणि आप्पा झोपाळ्यावर. कर्णिकांकडून निरोप आला होता. धाकट्यासाठी मुलगी पसंत आहे, हुंडा नको, मार्गशीर्षात उरकून टाकू.

"न शोधता स्थळ चालून आलं," आप्पा म्हणाले. "आता कसला विषय आणि कसलं काय."

मी मोरीत जाऊन रडले. मग भावाला सायकलवरून बदलापूरला पिटाळलं. संध्याकाळी वेणूताई आल्या त्या चपला काढता काढताच बोलू लागल्या.

"आप्पासाहेब, चूक माझी आहे. मी मुलीला विषय बघायला नेलं होतं. विषय नापसंत झाला."

"असेल. पण मुलगी पसंत झाली ना," आप्पा म्हणाले. "मुलगा चांगला आहे, सरकारी नोकरी आहे."

"तुम्ही कारखान्यात नवीन मशीन घेता तेव्हा चालवून बघता की नाही?"

"बघतो."

"आणि इथे न बघताच?"

"मुलगी म्हणजे मशीन नव्हे, वेणूताई."

"मी दुसरं काय म्हणतेय?"

आईनं आतून माझ्या हाती चहा पाठवला, आणि कप देता देता मला हळूच डोळ्यानं खुणावलं, की बोल. मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांसमोर मोठ्यानं बोलले. म्हटलं, "मला भूगोल हवाय. मला तो आवडलाय."

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक. तो प्राध्यापक मलाही दाखवा. मला पटला तर बी.ए. नाही पटला तर कर्णिकांना होकार कळवतो."

रविवारी लालवाणी सर अंबरनाथला आले. आप्पा, सर, वेणूताई आणि मी देवळापासून नदीच्या काठानं वर पालेगावच्या बाजूला चालत निघालो. आप्पांनी सुरुवातीलाच तिरकं विचारलं, "या विषयाचा उपयोग काय?"

सरांनी उलट विचारलं, "साहेब, तुमचा कारखाना इथेच का?"

"सरकारनं काढला म्हणून."

"सरकारने इथेच का काढला?"

आप्पांची इतकी वर्षं त्या कारखान्यात गेली होती, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते चालायचे थांबले. सरांनी काठीनं ओल्या मातीत रेघा ओढायला घेतल्या. घाट चढायच्या आधीचा सपाट तुकडा, हाताशी रेल्वे, जवळ उल्हास नदीचं पाणी, डोंगराचा आडोसा. मग देवळाकडे काठी दाखवून म्हणाले, "ज्यांनी मंदिर बांधला, त्यांनी पण पाणी बघितला, दगड बघितला, मग जागा घेतली. तुमचा सरकार नवीन नाही आला. त्यांच्या मागून आला."

आप्पांनी सरांच्या हातातली काठी घेतली आणि स्वतः एक रेघ ओढून विचारलं, "आणि मग हा नाला इकडे का वळतो?" तिथून पुढे मला आणि वेणूताईंना कुणी विचारलं नाही. दोघं पुढे, आम्ही मागे. उन्हं चढली तेव्हा आप्पा गुडघ्यापर्यंत धोतर वर धरून पाण्यात उभे होते आणि सरांना सांगत होते, की नाही साहेब, इथे तळाला खडक लागतो, मी स्वतः बघितलाय. वेणूताई मला चिमटा काढून म्हणाल्या, "जमलं."

घरी आल्यावर आप्पांनी कर्णिकांना नकाराचा निरोप पाठवला, तोही फार आदबीनं, आणि माझ्या अर्जावर सही केली. आई म्हणाली, "यात गणित नाही ना?" आप्पा म्हणाले, "थोडं आहे. ते मी शिकवीन."

कॉलेज सुरू झालं. सरांनी मला रविवारी दुकानावर बोलावलं होतं. तिथे मांजरपाटाचा एक तुकडा भावानं त्यांना कायमचा तोडून दिला होता. मी पोचले तर वेणूताई आधीच बाहेर ओट्यावर उभ्या. मला वाटलं, आणखी कुठली मुलगी घेऊन आल्या असतील. पण त्या एकट्याच होत्या. शाळेत पोरींना दरडावणाऱ्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"सर, मी पण बसू का?" त्यांनी विचारलं.

सर गोंधळले. "आप तो बी.ए. हो, बहनजी."

"बी.ए. आहे हो. पण ती वडिलांच्या पसंतीची," वेणूताई म्हणाल्या. "हा विषय माझ्या पसंतीचा आहे."

त्या क्षणी मला कळलं, की एवढ्या मुलींना घेऊन हिंडलेल्या या बाईंना कधी कुणी विषय दाखवायला नेलंच नव्हतं. सरांनी निळ्या खडूचे दोन तुकडे केले. मी सतरंजीवर सरकून वेणूताईंना माझ्या शेजारी जागा करून दिली.