दाढीच्या सामानातली बाटली

औषधांच्या बाबतीत माणसाने स्वतःच्या अकलेवर विसंबू नये, हे माझं पूर्ण विचारान्ती झालेलं मत आहे. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय मी आजवर एकही गोळी तोंडात टाकलेली नाही. ही गोष्ट मी लखनौच्या आमच्या संशोधन संस्थेच्या सभागृहात, व्यासपीठावरून, हिंदीतून सांगितलेली आहे आणि तिला टाळ्याही पडलेल्या आहेत.

ते भाषण करून घरी आलो त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात, बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली हातात घेऊन उभा होतो.

मी मूळचा साताऱ्याचा, शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ, नोकरीने सव्वीस वर्षं लखनौकर. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. माझी थायरॉइड ग्रंथी मंद चालते हे दोन वर्षांपूर्वी कळलं, तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. सरकारी संस्थेत इतकी वर्षं काढल्यावर एखादा अवयव मंद चालणं स्वाभाविक होतं. रोज सकाळी उपाशीपोटी पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची एक गोळी, मग तासभर चहा नाही. बायकोचंही दहा वर्षं हेच चाललेलं होतं, तिची गोळी शंभरची. त्यामुळे आमच्या घरात सकाळी सहा ते सात हा मौनाचा तास झाला. चहाशिवाय दोन मराठी माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

गडबड एप्रिलमध्ये सुरू झाली. नेहमीची रक्ततपासणी केली आणि अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर चाळिशीचे, नम्र, अहवालाकडे बघत बोलणारे.

"आपका तो तेज़ चल रहा है, सर," ते म्हणाले. म्हणजे गोळी जास्त होत होती.

"तेज़? मैं आपकी सीढ़ियों पर दो बार बैठा हूँ."

"रिपोर्ट में ऐसा नहीं है." त्यांनी मान वर न करता विचारलं, "और कोई दवा तो नहीं लेते?"

"जी नहीं," मी म्हणालो. जरा अभिमानानेच.

गोळी पन्नासवर आली. त्यानंतरचा माझा उन्हाळा इतरांच्या उन्हाळ्यापेक्षा वेगळा गेला. जूनमध्ये मलिहाबादला एका बागवानाकडून दशहरी आंब्यांची पेटी आणायला गेलो, तर झाडांखाली माणसं घामाने निथळत होती आणि मी शर्टाच्या बाह्या खाली ओढत होतो. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. दुपारी तीन वाजता खुर्चीत झोप यायची. ते एक वेळ ठीक, आमच्याकडे तीनला बरेच जण झोपतात. पण माझ्याच जुन्या विद्यार्थिनीचं नाव तिच्यासमोर उभं राहून आठवेना, आणि एक साधं गणित मी तीनदा मांडलं तेव्हा मात्र भीती वाटली. माझ्याकडे शेत नाही, आवाज नाही, हातात कला नाही. आयुष्यभर जे खाल्लं ते डोक्याच्या जिवावर. ते डोकं थायरॉइडमुळे मंदावलं असेल, तर तिळाएवढ्या गोळीने परत येणार होतं. वयामुळे मंदावलं असेल, तर येणार नव्हतं. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच.

सप्टेंबरात हिंदी पखवाडा आला. केंद्र सरकारच्या प्रत्येक कार्यालयात तो येतो. लखनौसारख्या शहरात, जिथे मांजरंसुद्धा हिंदीच बोलतात, तिथे हिंदीला प्रोत्साहन देण्यासाठी पंधरा दिवस का लागतात हे मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी लोकप्रिय विज्ञान व्याख्यान माझ्याकडे आलं. विषय हिंदी अधिकाऱ्यांनी ठरवला होता: 'स्वचिकित्सा: एक अभिशाप', म्हणजे मनाने औषधं घेण्याचा शाप. भाषण मी लिहिलं, त्यांच्या विभागाने ते शुद्ध केलं, टाइप केलं आणि त्या दिवशी सकाळी टाचून माझ्या हातात दिलं.

दीपप्रज्वलनाला पंख्याने ज्योत टिकेना, म्हणून पंखे बंद केले. पुढे ते सुरू करायची आठवण कुणाला झाली नाही. संचालकांना शाल घातली होती, तेही सप्टेंबरात, त्यामुळे त्यांच्या कपाळावरून धारा लागल्या. पहिल्या रांगेतले सगळे कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. सभागृहात एकटा मी आरामात होतो. मी भाषण वाचलं. दोन ठिकाणी चांगल्या टाळ्या आल्या. वाचून होताच हिंदी अधिकाऱ्यांनी कागद माझ्या हातून काढून घेतले, अहवालाला जोडायचे होते म्हणून.

बायको ऐकायला आली होती. परतताना गाडीत ती म्हणाली, "अहो, तिसरं पान दोनदा वाचलंत."

"काय?"

"ते 'मित्रो, हमारे समाज में'पासून सगळं. अख्खं पान. पहिल्यांदा वाचलंत, मग परत वाचलंत."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"कुणाच्याच नाही. टाळ्या दोन्ही वेळा पडल्या."

ती विनोद करत नव्हती. मला काहीसुद्धा आठवत नव्हतं. श्रोत्यांना कळलं नाही याचं काही विशेष नाही, ते पखवाड्याचे श्रोते होते. पण वाचणारा मी होतो.

म्हणून त्या संध्याकाळी ती बाटली माझ्या हातात आली. मी आवेगाने काही करणारा माणूस नाही. त्याआधी दोन महिने मी शोधनिबंध वाचत होतो, आणि आता एक नवी वही आणून तिच्यात आराखडाही लिहिला होता: उद्दिष्ट, पद्धत, निरीक्षणं. माझी पन्नासची गोळी, अधिक बायकोच्या शंभरच्या गोळीचा अर्धा तुकडा, सहा आठवडे. डॉक्टर एका आकड्यावर विसंबून होते. माझ्याकडे अख्खं शरीर होतं.

"ठेवा ती खाली," बायको दारातून म्हणाली. ती वर्ध्याची आहे आणि आवाज न चढवता रागावू शकते. "आणि ही वही कसली?"

मी वही दाखवली. तिने पहिलं पान वाचलं.

"म्हणजे वही आणली की ते मनाने घेतलेलं औषध नाही, प्रयोग आहे."

"तसंच काही नाही, पण..."

"आणि छातीत धडधडलं तर त्याची नोंद कोण करणार? मी? इथे रकाना नाही त्याचा."

मुलगी तेवढ्यात कॉलेजातून आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी येते. बूट काढता काढता ती म्हणाली, "बाबा, आज ही तो आपने भाषण दिया है न? अभिशाप वाला?"

"ते लोकांसाठी होतं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि ते 'अच्छा' घेऊन आत गेली.

बायकोने बाटली माझ्या हातून घेतली, झाकण लावलं आणि एकदम शांतपणे म्हणाली, "तुम्हाला करायचंच असेल तर करा. पण प्रयोगाआधीचा आकडा कुठाय? एप्रिलचा सप्टेंबरात चालतो तुमच्यात? आधी रक्त तरी तपासून या."

मला लागेल असं आजवर कुणी बोललेलं नव्हतं, तेही इतकं बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलीबाग वस्तीतल्या केंद्रात रक्त द्यायला गेलो. उपचारासाठी नाही, शास्त्रासाठी.

एप्रिलमध्ये माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला होता. या वेळी मी स्वतः गेलो. हे रक्तसंकलन केंद्र एका मिठाईच्या दुकानाच्या वर आहे, त्यामुळे उपाशीपोटी आलेल्यांची परीक्षा जिन्यातच होते. काउंटरला पन्नाशीच्या एक बाई, साखळी लावलेला चष्मा, समोर छापील फॉर्म.

"कोई दवा?"

"थायरॉइड की. पचास."

"और?"

"और कुछ नहीं."

"विटामिन वगैरह?" त्यांनी चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि लखनौच्या रीतीप्रमाणे आधी माफी मागून घेतली. "आप बुरा न मानें, सर. बालों-वालों के लिए?"

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी डॉक्टरांना सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नाही, ती औषध आहे असं मला वाटलंच नव्हतं म्हणून. फेब्रुवारीत माझे केस भराभर गळायला लागले होते. मंद थायरॉइडमध्ये ते गळतात, हे मला माहीत होतं. पण कोपऱ्यावरच्या न्हाव्याने ते हातात धरून दाखवले. "सर, ये जड़ से जा रहे हैं. दस वाली बायोटिन लीजिए." जीवरसायनशास्त्र मला एका न्हाव्याने शिकवावं याचं मला हसू आलं. येताना मी औषधाच्या दुकानातून त्या दहा मिलिग्रॅमवाल्या जीवनसत्त्वाची बाटली घेऊन आलो. ती मी औषधांच्या डब्यात ठेवली नाही, दाढीच्या सामानात ठेवली. जूननंतर केस आणखी गळायला लागले, तेव्हा रोजच्या एका गोळीच्या दोन केल्या.

"वो लेता हूँ," मी म्हणालो. "पर वो दवा थोड़े ही है."

"दस वाली?"

"दो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तो आज खून नहीं लूँगी. हफ़्ता भर बंद करके आइए. उससे मशीन धोखा खा जाती है, थायरॉइड उल्टा दिखाती है. कम हो तो ज़्यादा."

मी समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. बाई मला नवीन काही सांगत नव्हत्या, हीच तर अडचण होती. बायोटिन आणि एक विशिष्ट प्रथिन एकमेकांना असे चिकटतात की सुटत नाहीत. ही जोडी माझ्या प्रयोगशाळेचं रोजचं भांडवल होती. बावीस वर्षं मी ती फळ्यावर काढून दाखवली. रक्त तपासणारी पुष्कळ यंत्रं याच चिकटण्यावर चालतात. रक्तात आधीच बायोटिनचा पूर असला, तर बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवाव्यात तसं होतं. खऱ्या प्रवाशाला जागा मिळत नाही आणि यंत्र भलताच आकडा देतं. परीक्षेत हा प्रश्न मी स्वतः घातलेला आहे. मुलांनी नीट उत्तर लिहिलं नाही म्हणून गुणही कापले आहेत.

म्हणजे थायरॉइड कमी, म्हणून केस गळाले. केस गळाले, म्हणून बायोटिन. बायोटिनमुळे अहवाल उलटा, म्हणून डॉक्टरांनी गोळी कमी केली. गोळी कमी झाली म्हणून आणखी केस गळाले, म्हणून आणखी बायोटिन. आपण मनाने औषध घ्यावं की नाही यावर मी दोन महिने विचार करत होतो आणि फेब्रुवारीपासून घेतच होतो.

"किसने लिखी थी ये गोली?" बाईंनी विचारलं. फॉर्मवर तसा रकाना होता.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी 'सलाह देने वाले चिकित्सक' याच्यापुढे, अतिशय सुवाच्य अक्षरात, 'नाई' असं लिहिलं.

आठवड्याने रक्त दिलं. या वेळी आकडा अगदी दुसऱ्या टोकाला होता. डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

"मैंने पूछा था आपसे," ते म्हणाले.

"जी. पूछा था."

त्यांनी पुन्हा पंचाहत्तर लिहिली. माझ्या वहीतला आराखडा शंभरचा होता. तोही मी त्यांना सांगून टाकला. "इस उम्र में सीधे सौ? दिल का भी सोचिए. धीरे-धीरे," ते म्हणाले. मी ती वही नंतर मुलीला दिली. ती तिच्यात कपड्यांच्या रंगसंगतीचं काहीतरी लिहिते.

डिसेंबरपर्यंत बराच फरक पडला. लखनौची थंडी सुरू झाली आणि मी सगळ्यांच्या बरोबरीने कुडकुडायला लागलो, हे किती बरं वाटतं ते सांगता येत नाही. दुपारची झोप गेली. विद्यार्थिनीचं नाव एके दिवशी आपणहून आठवलं. केस परत आले नाहीत.

पण ते तिसरं पान मनातून जात नव्हतं. बाकीचं थायरॉइडचं असेल, पण अख्खं पान दोनदा वाचावं आणि कळू नये, हे मला थायरॉइडपेक्षा मोठं वाटत होतं. पुढच्या तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "थोड़ा ये, थोड़ा वो." अशा उत्तराला मी परीक्षेत शून्य दिलं असतं.

जानेवारीत हिंदी विभागातून एक जाड लिफाफा आला. आत चौकटीत लावण्याजोगं प्रशस्तिपत्र होतं आणि अहवालाचं काम झाल्यामुळे परत केलेले माझ्या भाषणाचे तेच टाचलेले कागद. मी दार लावून घेतलं, पेन्सिल घेतली आणि टेबलाशी बसलो. नेमक्या कोणत्या वाक्यापाशी डोकं थांबलं ते मला बघायचं होतं.

पानांवर खाली आकडे टाइप केलेले होते. एक, दोन, तीन, तीन, पाच.